हायपोपॅराथायरॉइडिझम (दीर्घकालीन) : रुग्णाचं जीवनमान

गळ्यात थायरॉइडच्या मागं, बहुतेकांना चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड (परावटू) ग्रंथी असतात. त्यांचं हार्मोन म्हणजे पीटीएच कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, फॉस्फेट चढतं, आणि ओठांना-बोटांना मुंग्या, पायात गोळे, बोटं आखडणं, कधी थेट फिट असं सुरू होतं, यालाच हायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. मोठ्या माणसांत चारातल्या साधारण तीन केसेस गळ्याच्या ऑपरेशननंतरच्या असतात. ऑपरेशननंतर सहा महिने उलटले की आजार कायमचा धरायचे, आता बारा महिने थांबावं असं मत पुढं आलंय आणि तेच जास्त पटतं, कारण काहींच्या ग्रंथी उशिरा का होईना पण जाग्या होतात.

ग्रंथींच्या शोधाचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेनला १८५० च्या सुमारास ही ग्रंथी दिसली, ते छापून आल्याचं वर्ष कुठं १८५२ तर कुठं १८६२ दिलेलं सापडतं. पण माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमनं १८८० मध्ये केलं, म्हणून श्रेय त्यालाच देणं बरं. तेव्हा या ग्रंथींचं काम काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, थायरॉइड काढल्यावर काही पेशंटना टेटनी (स्नायू आखडून गोळे येणं) का होते यावर बरीच वर्षं वाद चालला, शरीरात विष साठतं असंही एक मत होतं. १९०९ मध्ये मॅककॅलम आणि फोग्टलिन यांनी कॅल्शियम दिल्यावर टेटनी थांबते हे दाखवलं तेव्हा वादाची दिशा ठरली.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं थेट काम करणारं रूप) ही नेहमीची ट्रीटमेंट. कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या टोकाशी ठेवतात, कारण पीटीएच नसल्यानं किडनी कॅल्शियम धरून ठेवत नाही, ते लघवीतून जातं आणि जास्त डोस झाला तर मुतखडे होतात, किडनीतही कॅल्शियम साठतं. म्हणजे रिपोर्ट 'ठीक' आणि माणूस थकलेला, डोकं जड, शब्द आठवत नाही, अशी तक्रार राहतेच, आणि घरचे म्हणतात रिपोर्ट तर चांगलाय की!

हे का होतं यावर दोन मतं आहेत. एक, कॅल्शियम दिवसभर वरखाली होतं आणि त्रास त्या चढउताराचा. दुसरं, मेंदू आणि स्नायूंना खुद्द पीटीएचच हवं असतं. दुसरं मत खरं असेल तर पीटीएचच्या इंजेक्शननं फरक पडायला हवा. प्लासिबो (तुलनेसाठी दिलेलं औषध नसलेलं इंजेक्शन) न वापरलेल्या अभ्यासांत तसा फरक दिसला होता, पण २०१४ च्या डेन्मार्कमधल्या प्लासिबोसह चाचणीत जीवनमान सुधारलं नाही. तिथं डोस ठरलेला होता आणि बऱ्याच जणांचं कॅल्शियम वर गेलं, त्यामुळं तेवढ्यावरून दुसरं मत खोडून काढता येत नाही. पुढं दिवसभर सावकाश सुटणाऱ्या पीटीएचच्या, म्हणजे पॅलोपेगटेरिपॅराटाइड या औषधाच्या, २०२३ मध्ये छापून आलेल्या प्लासिबोसह चाचणीत सुधारणा दिसली. याला युरोपात २०२३ मध्ये, अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पण यानं कॅल्शियमही स्थिर राहतं, म्हणजे वाद मिटला असं म्हणता येत नाही.

कोल्हापुरात सगळ्यात मोठी अडचण दुधाची. 'कॅल्शियम कमी आहे ना, मग गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पी' हा सल्ला पेशंटला पै-पाहुण्यांकडून हमखास मिळतो. दुधात कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही भरपूर, आणि इथं तेच आधीच चढलेलं, त्यामुळं दूध गोळीची जागा घेऊ शकत नाही (पूर्ण बंद करायचीही गरज बहुतेकांना नसते). मटणातही फॉस्फेट असतं, म्हणून रस्सा कितीही आवडीचा असला तरी प्रमाण बघावं लागतं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच नीट शोषलं जातं, पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. थायरॉइडही काढलं असेल तर त्याची गोळी पहाटे उपाशीपोटी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. नवरात्राचा कडक उपवास करणाऱ्यांचं, किंवा सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन घरांतल्या पेशंटचं वेळापत्रक यात कोलमडतं, संध्याकाळी सहानंतर सकाळपर्यंत गोळी नाही म्हणजे पहाटे मुंग्या आल्याच. हे डॉक्टरांना आधीच सांगून डोस बसवून घ्यावा. उलट्या-जुलाब झाले तर मात्र घरी वाट बघू नये, गोळी पोटात टिकत नाही आणि कॅल्शियम भराभर उतरतं, अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, ईसीजी बघत द्यावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद पडला होता, त्यामुळं पावसाळ्याआधीच जास्तीच्या गोळ्या घरात असलेल्या बऱ्या.

बरीच वर्षं कॅल्शियम कमी राहिलं तर मोतीबिंदू लवकर होतो, मेंदूतल्या बेसल गँग्लियात (हालचाली सांभाळणाऱ्या आतल्या भागात) कॅल्शियम साठतं. फिट आली की अपस्माराचीच ट्रीटमेंट चालू होते आणि कॅल्शियम तपासायचं राहून जातं, त्यात फेनिटॉइनसारखं फिटचं औषध ड जीवनसत्त्वाचं काम आणखी बिघडवतं. गरोदरपणात कॅल्शियम वरचेवर तपासतात, अंगावर पाजताना कॅल्सिट्रिऑलचा डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो.