पाळक एक, म्हणून पंथ एक?

फिरत असलेला समज असा: अमेरिकेत लुथरन (मार्टिन लूथरच्या शिकवणीतून आलेला प्रोटेस्टंट पंथ) आणि एपिस्कोपल (अँग्लिकन पंथाची अमेरिकी शाखा) मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, मिळून एकच पाळक (धर्मगुरू) शोधतात, म्हणजे हे दोन पंथ विलीन झाले.

तसं झालेलं नाही. २००१ पासून तिथल्या सर्वांत मोठ्या लुथरन शाखेत आणि एपिस्कोपल चर्चमध्ये पूर्ण सहभागितेचा करार लागू आहे. दोघं एकमेकांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि दीक्षित सेवक मान्य करतात. त्यामुळे लुथरन पाळक एपिस्कोपल वेदीवर सेवा करू शकतो, उलटही चालतं. पण बिशप, घटना, उपासनेचं पुस्तक वेगळंच राहतं. लुथरनांच्या सगळ्या शाखा यात नाहीत, हेही फॉरवर्डमध्ये गळतं.

गोंधळ आपल्याकडे जास्त होतो, कारण १९७० मध्ये उत्तर भारतात (महाराष्ट्रही त्यात आला) अँग्लिकनांसह अनेक पंथ खरोखरच एका चर्चमध्ये विलीन झाले. ते विलीनीकरण होतं, हा करार आहे.

पडताळायचं असेल तर दोन्ही पंथांच्या अशा जोडमंडळीची पाळकासाठीची जाहिरात वाचा. उमेदवार कुठल्याही एका पंथाचा चालेल असं लिहिलेलं असतं, आणि संमती दोन्हीकडच्या बिशपांची लागते. पंथ एकच असता तर दुसरा बिशप कशाला?