रोलच्या शेवटची चिकटपट्टी

३५ मिमी फिल्मचा हाताने भरलेला रोल मोटरने फिल्म सरकवणाऱ्या कॅमेऱ्यात घातला की मोटर जळते, असं नवशिक्यांना अजूनही बजावलं जातं. मी कित्येक वर्षं असेच रोल वापरतोय, एकही मोटर जळलेली नाही. एकदा अख्खा रोल मात्र गेला, आणि त्याला कारण होता सेलोटेपचा बोटभर तुकडा.

१०० फुटांचा, म्हणजे सुमारे ३०.५ मीटर फिल्मचा डबा आणला की त्यातून ३६ फोटोंचे अठराएक रोल निघतात. अंधारात किंवा लोडरमधून, म्हणजे उजेड आत न येऊ देणाऱ्या पेटीतून, फिल्म रिकाम्या कॅसेटमध्ये आतल्या दांडीला (स्पूलला) पट्टीने चिकटवून गुंडाळायची, एवढंच काम. फिल्म तीच असते. 'हाताने भरलेल्या' फिल्मचे रंग वेगळे येतात म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.

आता मोटर. फोटो ३६ मिमी रुंद आणि दोन फोटोंमध्ये २ मिमी जागा, म्हणून दर वेळी फिल्म ३८ मिमी सरकते. कडेची भोकं ४.७५ मिमी अंतरावर असतात, म्हणजे बरोबर ८ भोकं. कॅमेरा ती मोजतो. कुठे दातेरी चाकाने, कुठे अवरक्त प्रकाशाने. ८ झाली की मोटर थांबते. ठरलेल्या वेळात ८ भरली नाहीत, तर फिल्म ताणली गेली, म्हणजे रोल संपला, असं धरून सर्किट ती उलटी गुंडाळायला घेतं.

हा शेवटचा ताण सोसते ती फिल्म स्पूलला धरून ठेवणारी पट्टी. हाताने फिल्म सरकवायच्या कॅमेऱ्यात लिव्हर जड लागलं की आपला अंगठा थांबतो. मोटर त्या क्षणी जोरात हिसका देते. भिंतीवरचा स्टिकर कोपऱ्याला धरून उचला, सहज निघतो, कारण सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. तोच स्टिकर भिंतीला समांतर ओढून बघा. जोर पूर्ण क्षेत्रफळावर वाटला जातो आणि तो हलत नाही. म्हणून पट्टी स्पूलभोवती फिरवून फिल्मच्या दोन्ही अंगांना चिकटवायची. म्हणजे ती उचकटली जात नाही, नुसती ओढली जाते.

माझी पट्टी एकाच अंगाला होती. ती सुटली, सगळी फिल्म कॅमेऱ्यातल्या पलीकडच्या स्पूलवर गेली आणि कॅमेऱ्याने रिकामी कॅसेट उलटी फिरवली. मोटरचा आवाज नेहमीसारखाच होता. मी झाकण उघडलं, तर ३६ फोटो उजेडात. अशी शंका आली तर कॅमेरा काळ्या पिशवीतच उघडावा.

एका कॅसेटमध्ये ४० फोटो कोंबायचा मोहही टाळा. फिल्म घट्ट बसते, घर्षण वाढतं, मोटर अडखळते आणि कॅमेरा अर्ध्यातच रोल परत गुंडाळतो.

काही कॅमेरे आधी सगळी फिल्म बाहेर काढून ठेवतात आणि दर फोटोमागे थोडी थोडी कॅसेटमध्ये परत घेतात. त्यांचा पहिला फोटो स्पूलजवळच्या टोकावर पडतो. लोडर वापरत असाल तर ते टोक तुम्ही उजेडात चिकटवलेलं असतं. तेव्हा पहिले दोन-तीन फोटो भिंतीचेच काढून वाया घालवा.