सोन्याचा थर आणि आतल्या कड्यावरचा क्रमांक

पार्ल्याच्या आमच्या काकांकडे सीडींची दोन कपाटं आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एकाच जॅझ अल्बमच्या दोन सीडी माझ्या हातात दिल्या. एक साधी, फोर्टात रस्त्यावर मिळालेली. दुसरी जपानहून मागवलेली एसएचएम-सीडी, म्हणजे खास प्लास्टिकची, पहिलीच्या कित्येक पट किमतीची. "ऐक आणि सांग, फरक कळतो का," काका म्हणाले. मला कळला. जपानी सीडीत झांजेचा नाद जास्त वेळ रेंगाळतोय, याची माझी खात्रीच झाली.

मग दोन्ही सीडी घरी आणल्या, संगणकावर रिप केल्या, म्हणजे त्यांतला ध्वनी फायलींत उतरवून घेतला, दोन्ही फायलींची सुरुवात नेमकी जुळवली आणि एकीतून दुसरी वजा केली. आठ मिनिटांच्या गाण्यात 4 कोटींहून जास्त आकडे असतात. वजाबाकीत प्रत्येक ठिकाणी शून्य आलं.

सीडी म्हणजे शेवटी आकड्यांची यादी. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक माप 16 बिटांत, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर, लिहून ठेवायचं. डाव्या बाजूचं वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले, की तिथपर्यंतची लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, असं गणित सांगतं. पण मग 44,100 हाच आकडा का? कारण सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. सेकंदाला 60 फील्ड (फील्ड म्हणजे चित्राचा अर्धा भाग), दर फील्डला 245 रेषा, दर रेषेवर 3 नमुने, गुणून पाहा. आपल्याकडच्या टीव्हीसारखे 50 फील्ड आणि 294 रेषा घेतल्या तरी उत्तर तेच येतं.

हे आकडे 1.2 मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये खड्ड्यांच्या रूपात दाबलेले असतात. खड्ड्यांची ओळ आतून बाहेर सर्पिलासारखी फिरत जाते आणि तिची लांबी 5 किलोमीटरच्या आसपास भरते. शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे 40 वेढे सहज बसतील. 780 नॅनोमीटरचा लेझर खालून येतो. खड्ड्याची खोली प्लास्टिकमधल्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी ठेवलेली असते, त्यामुळे खड्ड्यावरून आणि सपाट जागेवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतो आणि उजेड कमी होतो. उजेड जिथे बदलतो, म्हणजे खड्ड्याच्या काठावर, तिथे 1. बाकी सगळीकडे 0.

एसएचएम-सीडीत एलसीडी पडद्यांसाठी बनवलेलं जास्त पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरतात. 2008 मध्ये आलेल्या ब्लू-स्पेक सीडीत खड्डे कोरायला निळा लेझर असतो, म्हणून काठ अधिक रेखीव येतात. दोन्ही दावे कारखान्यातल्या कामापुरते खरे आहेत. पण प्लेअरला उजेड किती सुंदर बदलला हे नको असतं. 0 आहे की 1, एवढंच हवं असतं. चांगल्या साध्या सीडीवरही ते त्याला नीट वाचता येतं.

आणि वाचताना चुकलाच, तर त्याचीही सोय आहे. सीडीमागचं हे गणित मला सगळ्यात मोहक वाटतं. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये चुका दुरुस्त करणारा एक संकेत (कोड) मांडला होता, तोच इथे वापरतात. कल्पना करा, पसायदानातली अक्षरं ओळीने न लिहिता शंभर चिठ्ठ्यांवर विखरून लिहिली. एक चिठ्ठी हरवली तर अख्खी ओवी जात नाही, ठिकठिकाणचं एखादं अक्षर जातं. आणि ते आजूबाजूच्या अक्षरांवरून भरून काढता येतं. सीडीवर आकडे असेच विखुरलेले असतात, सोबत जादा तपासणीचे आकडेही असतात. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा आला तरी गेलेले आकडे अंदाजाने नव्हे, हुबेहूब परत मिळतात. त्यापलीकडे नुकसान झालं, की मग मात्र प्लेअर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून मधला आकडा ठरवतो. हलक्या प्रतीचं प्रेसिंग, म्हणजे कारखान्यात दाबलेली प्रत, किंवा फार ओरबाडलेली सीडी आवाजात कमी पडू शकते ती इथे.

मग जुन्या प्रेसिंगच्या मागे लागणारे लोक चुकतात का? मुळीच नाही. ते खरं तर प्लास्टिकच्या मागे नसतात, मास्टरिंगच्या, म्हणजे सीडी दाबण्याआधी ध्वनीवर होणाऱ्या शेवटच्या संस्कारांच्या, मागे असतात. काकांच्या कपाटात त्याच अल्बमची तिसरी सीडी होती, 1980च्या दशकातली. तिचा आलेख पडद्यावर उघडला तेव्हा डोंगरदऱ्या दिसल्या: ढोलाचा ठोका उंच सुळक्यासारखा, मधली शांतता खोल. नंतरच्या रीमास्टरमध्ये तोच तुकडा विटेसारखा. सीडीत आवाजाला वरची एक हद्द असते, तिच्यापुढे जाता येत नाही. सगळंच मोठं ऐकू यावं म्हणून हळू आवाज वर ओढले आणि सुळके छाटले, की ठोक्यातला जोर जातो. हे एकदा छाटलं की काही महागड्या सीडींत असतो तशा कुठल्याही सोन्याच्या थराने परत येत नाही.

मोठा आवाज आपल्याला चांगला का वाटतो, याचं एक कारण फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांच्या 1933 मधल्या कामात सापडतं: आवाज वाढला, की खर्ज आणि तार, दोन्ही टोकं कानाला तुलनेने भरदार लागतात. म्हणून दोन सीडींची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून सारखी करावी लागते. त्या दिवशी पार्ल्यात मी ती केली नव्हती. शिवाय कुठली सीडी चालू आहे हेही मला दिसत होतं.

सुरुवातीच्या काही जपानी सीडींबाबत आणखी एक घोटाळा होतो. त्यांत ध्वनीचा वरच्या पट्टीतला भाग ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुद्दाम वाढवलेला असतो, अगदी वरच्या टोकाला जवळजवळ 10 डेसिबलने. याला प्री-एम्फसिस म्हणतात. प्लेअर तशी खूण वाचून तेवढाच भाग खाली आणतो. संगणकावर रिप करताना ही खूण सुटली, तर व्हायोलिन आणि झांज चरचरीत वाजतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती तपशील आहे! तपशील तोच, वरचा भाग खाली आणायचा राहून गेलेला.

सोन्याच्या थराचा खरा उपयोग टिकाऊपणात आहे. साध्या सीडीत ॲल्युमिनियम असतं, त्यावर लाखेचा पातळ थर आणि त्यावर छपाई. लाखेच्या काठातून दमट हवा शिरली की ॲल्युमिनियम गंजतं, आणि मुंबईचे चार महिने कसे असतात हे आपल्याला ठाऊक आहे. सोनं गंजत नाही. काकांनी एक जुनी साधी सीडी ट्यूबलाइटसमोर धरली, तर काठाजवळ सुईच्या टोकाएवढे सात-आठ ठिपके उजेडाने चमकले. तिथला आरसाच उरला नव्हता. आणि आकड्यांचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून खालच्या चकचकीत बाजूपेक्षा नावाची बाजू जास्त जपावी लागते. पुसतानाही मधून बाहेर सरळ पुसावं, गोल फिरवत नाही, कारण गोल ओरखडा एकाच वेढ्यातले सलग आकडे खातो.

काका आता बाजारात जाताना खिशात भिंग ठेवतात. सीडीच्या मधल्या भोकाभोवती जे पारदर्शक कडं असतं, त्याच्या काठाशी एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. कुठल्या साच्यातून ती दाबली, हे त्यावरून कळतं. आयएफपीआय (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) ही अक्षरं तिथे 1994 पासून येऊ लागली, त्यामुळे ती असतील तर सीडी त्याआधीची नाही. परवा चोर बाजारातून त्यांचा फोन आला. "आयएफपीआय दिसत नाही रे, आणि क्रमांक आपल्या यादीतलाच आहे. साठ रुपये म्हणतोय. घेऊ?" मी म्हटलं, "काका, घ्या."