शेपटावरून न्यूट्रिनोचं वजन

नोव्हेंबर २००६. जर्मनीतल्या लिओपोल्ड्सहाफेन गावच्या गल्लीतून २०० टनांची पोलादी टाकी इंच इंच पुढे सरकत होती. व्यास १० मीटर. दोन्ही बाजूंच्या घरांना ती आता घासते की मग, अशी अवस्था. टाकी बनली डेगेनडॉर्फला आणि जायचं होतं जेमतेम ४०० किलोमीटरवरच्या कार्ल्सरूहला, पण एवढं धूड रस्त्याने नेणार कसं? मग डॅन्यूब, काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक, ऱ्हाईन असा जवळजवळ ९,००० किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम झाला.

हा खटाटोप न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या मूलकणाचं वस्तुमान मोजण्यासाठी. आणि या टाकीत न्यूट्रिनो कोणी पकडतच नाही! मोजतात ते इलेक्ट्रॉन.

ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. त्याच्या केंद्रकाचा ऱ्हास झाला की इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो (काटेकोरपणे प्रतिन्यूट्रिनो) बाहेर पडतात आणि सुमारे १८,६०० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा वाटून घेतात (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक; वस्तुमान हेही ऊर्जेचंच रूप, म्हणून तेही यातच मोजतात). वाटणी दर वेळी वेगळी. कधीतरी जवळपास सगळीच इलेक्ट्रॉनच्या पदरात पडते. पण न्यूट्रिनोला वस्तुमान असेल, तर तेवढी ऊर्जा त्यातच अडकून राहणार, इलेक्ट्रॉनला ती कधीच मिळणार नाही. म्हणजे किती ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन निघाले, या आलेखाचं शेपूट किंचित आखूड होणार. पंचाईत अशी, की शेवटच्या एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात पाच लाख कोटींतून एखादाच इलेक्ट्रॉन सापडतो.

म्हणून ‘कॅट्रिन’ प्रयोगातली ही टाकी चाळणीचं काम करते. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राच्या बलरेषांभोवती गिरक्या घेत आत शिरतात. मध्यभागी क्षेत्र हजारो पटींनी क्षीण होतं, तशी गिरकीतली ऊर्जा सरळ पुढे जाण्यात उतरते. क्षेत्र विरळ झालं की बलरेषा फाकतात. त्यांना मावायला जागा हवी, म्हणून टाकी एवढी अगडबंब. मग समोर विद्युतदाबाचा उंबरठा. जो ओलांडेल तो मोजायचा, बाकीचे परत. उंबरठा थोडा थोडा वरखाली करून पुन्हा मोजणी. मला तर यंत्राच्या आकारापेक्षा या मोजणीच्या चिकाटीचंच जास्त कौतुक वाटतं.

२०१९ मध्ये वस्तुमानाची कमाल मर्यादा १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ठरली, २०२२ मध्ये ०.८ आणि २०२५ मध्ये ०.४५. म्हणजे न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनपेक्षा निदान ११ लाख पटींनी हलका. शून्य मात्र नाही. न्यूट्रिनो प्रवासात रूप बदलतात हे जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने १९९८ मध्येच दाखवलं होतं, आणि वस्तुमानाशिवाय ते शक्य नाही.

टाकी याहून मोठी करणं आता कोणाला परवडणार नाही. ‘प्रोजेक्ट ८’ या गटाने म्हणून चाळणीच सोडली. चुंबकीय क्षेत्रात फिरणारा इलेक्ट्रॉन क्षीण रेडिओलहरी सोडतो आणि त्यांच्या वारंवारितेवरून त्याची ऊर्जा कळते. एकट्या इलेक्ट्रॉनची अशी गुणगुण टिपल्याचं त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं.