नारळ की सबुरी: युनायटेडच्या मॅनेजरवरून चाललेल्या भांडणाची पार्श्वभूमी

बेळगावात मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची माणसं दोन पार्टीत वाटली गेलीत, एक मॅनेजरला काढा म्हणणारी नारळ पार्टी आणि एक त्याला वेळ द्या म्हणणारी सबुरी पार्टी, मधे कोण नाही. २०२६ च्या जानेवारीत परत एकाच्या हातात नारळ पडला तरी भांडण काय मिटलं नाही, उलट आता "काढायला लई उशीर केला" आणि "काढायलाच नको होतं" असं नव्यानं सुरू झालंय. टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तरी तेच आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलं तरी तेच. सबुरीवाल्यांकडे एकच पत्ता असतो, "फर्गीला पण काढणारच होते की गा" (फर्गी म्हणजे क्लबचा सगळ्यात गाजलेला मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन), आणि तो टाकला की समोरचा गप. तो पत्ता खरा किती आणि मधल्या काळात काय काय झालं ते एकदा लिहून ठेवतो. लीग काय, कप काय हे सांगत बसत नाही, ते ज्याला ठाऊक नाही तो या भांडणात पडतच नाही.

नारळाचं एक आधी सांगतो. पेपरात हकालपट्टी लिहितात, क्लबच्या निवेदनात कायम असं काहीतरी गुळगुळीत की अमुकनं आपली जबाबदारी सोडली, आम्ही त्याचे आभारी आहोत वगैरे. आपल्याकडं सरळ नारळ दिला. गंमत अशी की टुर्नामेंट सुरू करताना पण नारळच फोडतो आपण, त्यामुळं बाहेरून आलेल्या माणसाला कळत नाही की शुभ चाललंय का अशुभ. आमच्यातले कन्नड दोस्त एवढं पण बोलत नाहीत, "साकु", म्हणजे पुरे, म्हणतात आणि चहा पितात.

आता जुनं पटापट. १९४५ ते १९६९ एकच मॅनेजर होता, मॅट बझ्बी, त्यात १९५८ चा म्युनिकचा विमान अपघात आणि १९६८ चा युरोपियन कप, हे सगळ्यांना माहीत. तो गेल्यावर १९८६ पर्यंत पाच जण आले नि गेले. एक कप जिंकून गेला, कारण क्लबच्या फिजिओच्या बायकोशी त्याचं जमलं, १९७७. एकाला १९८१ मधे शेवटच्या सात मॅच सलग जिंकल्यावर काढला, फुटबॉल कंटाळवाणा म्हणून. म्हणजे पूर्वीचा क्लब लई सबुरीचा होता हे काय खरं नाही. सबुरीवाल्यांना खरंतर १९७४ चा दाखला द्यायला पाहिजे, तो कोणच देत नाही. त्या वर्षी टीम चक्क खालच्या डिव्हिजनला गेली, तरी मॅनेजर ठेवला, आणि पुढच्याच वर्षी ती वर आली. हाच तो पुढं १९७७ ला गेला तो.

मग फर्गी. नोव्हेंबर १९८६ ला आला. सप्टेंबर १९८९ मधे त्याच गावच्या मँचेस्टर सिटीनं ५-१ नं धुतलं, डिसेंबरात स्टेडियममधे एकानं बॅनर धरला की तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता टाटा. ७ जानेवारी १९९० ला एफए कपात नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर मॅच, एका पोरानं डोकं लावून गोल केला, १-० नं जिंकले आणि तिथून पुढं मे महिन्यात कप. तो गोल झाला नसता तर नारळ ठरलेला होता, अशी ती गोष्ट. पण तेव्हाच्या अध्यक्षांनी नंतर वेळोवेळी सांगितलंय की असं काही ठरलं नव्हतं, हरलो असतो तरी तो राहिला असता. आता हे नंतर सांगायला सोपं आहे, मान्य. तरी दोन गोष्टी धरायला पाहिजेत. एक, त्या मोसमात लीगमधे टीम तेराव्या नंबरला संपली, म्हणजे त्या गोलनं सगळं पालटलं वगैरे काही नाही. दुसरी, त्याला ठेवला तो नुसता दया म्हणून नाही. पोरं शोधायची आणि घडवायची सगळी यंत्रणा त्यानं नव्यानं लावायला घेतली होती, खेळाडूंची दारूची सवय मोडत होता, आणि ते आतल्यांना दिसत होतं. लीग मिळायला १९९३ उजाडलं, आधीची १९६७ ची, मधे २६ वर्षं. सबुरी म्हणजे काहीतरी उगवताना दिसतंय म्हणून थांबणं, नुसतं थांबलं तर ते भिजत घोंगडं, आणि भिजत घोंगडं म्हणजे काय ते सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको, १९५६ पासून आम्ही त्यातच आहोत आणि कोर्टातली केस पण २००४ ची आहे.

२०१३ ला फर्गी निवृत्त झाला, त्यानंतरचं मी सगळं डोळ्यानं बघितलंय, बऱ्याचदा रात्री दीड वाजता चादर गुंडाळून, आवाज बारीक करून. पहिला, डेव्हिड मोयेस, सहा वर्षांच्या करारावर आला आणि दहा महिन्यांत गेला, मैदानावरून विमान फिरवलं होतं लोकांनी त्याला काढा म्हणून. दुसऱ्याला, लुई व्हान खालला, २०१६ चा एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत नारळ. तिसरा पोर्तुगीज, जोसे मोरिन्यो, दोन कप आणले, पुढच्या मोसमात ८१ पॉइंट काढून दुसरा आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेला. चौथा आपला जुना खेळाडू सोल्शार, १९९९ च्या फायनलचा शेवटचा गोल त्याचाच, हंगामी म्हणून आला, पॅरिसमधे जाऊन तिथल्या टीमवर हरती लढत उलटवून आला आणि आम्हीच सगळे ओरडलो की कायम करा, केला, आणि नोव्हेंबर २०२१ मधे वॉटफर्डकडं ४-१ हरल्यावर संपलं. त्याच्या बाबतीत माझं पण चुकलं, सांगून टाकतो.

यात एक खोड दिसते ती कोण बोलत नाही. पोर्तुगीजाचा करार जानेवारी २०१८ मधे वाढवला, डिसेंबरात काढला. चौथ्याचा जुलै २०२१ मधे वाढवला, नोव्हेंबरात काढला. पाचव्याचा, एरिक टेन हागचा, जुलै २०२४ मधे वाढवला, ऑक्टोबरात काढला. आमच्यात आता करार वाढल्याची बातमी आली की म्हणतात, नारळ सोलायला घ्या.

पाचव्याचं जरा सविस्तर. २०२३-२४ मधे आठवा नंबर, चौदा मॅच हरले, घातलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले जास्त, युरोपात गटात शेवटचे. कपात खालच्या डिव्हिजनच्या कोव्हेंट्रीशी ३-० पुढं असताना ३-३ करून घेतलं आणि १२० व्या मिनिटाला कोव्हेंट्रीचा गोल अंगठाभर ऑफसाइडनं गेला म्हणून वाचले. मग २५ मे ला फायनल, सिटीला २-१, दोन्ही गोल १९ वर्षांच्या पोरांचे. ती मॅच आम्ही अकरा जणांनी एका दोस्ताच्या दुकानात शटर अर्धं ओढून बघितली. मॅच संपल्यावर नारळ पार्टीतला एक जण रडत होता, आणि डोळे पुसत म्हणतोय, "तरी पण काढाच ह्याला". फायनलच्या आधीच्या दिवशी पेपरात आलेलं की निकाल काही लागू दे, हा जाणार. नवा अल्पहिस्सेदार मालक नुकताच आलेला, २७.७ टक्के घेऊन, फुटबॉलचा कारभार त्याच्या हातात. मग दोन-अडीच आठवडे आढावा घेतला, तो सुट्टीवर असताना दुसऱ्या लोकांशी बोलणी पण केली, जमलं नाही, आणि याला सांगितलं तूच राहा. वर करार २०२६ पर्यंत. उन्हाळ्यात वीस कोटी पौंडांच्या आसपास खरेदी, त्यात दोघं त्याच्या जुन्या क्लबातून खेळून गेलेले. सप्टेंबरात घरच्या मैदानावर लिव्हरपूल ०-३, टॉटनहॅम ०-३. २८ ऑक्टोबरला काढला तेव्हा टीम चौदावी. त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या हिशेबाचे १ कोटी ४ लाख पौंड मोजले, त्याच वर्षी कामगार कपात करून अडीचशे जणांना घरी बसवलेलं. मला विचाराल तर नारळ द्यायचा तर मे मधे द्यायचा होता, किंवा ठेवायचं तर नीट ठेवायचं होतं. बाजारात दुसरा नवरा बघून आल्यावर घरात येऊन म्हणायचं की तूच बरा, असा संसार टिकतो होय?

आता खरा गुंता, आणि हा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. ज्याला काढा म्हणतोय तो नक्की कोण? मॅनेजर का कोच? आपण दोन्ही शब्द एकाच माणसाला लावतो. इंग्लंडमधे पूर्वी टीम निवडायची कमिटी, सेक्रेटरी कारभार बघायचा, मॅनेजर ही चीज नंतर मोठी झाली, आर्सेनलच्या चॅपमननं १९२५ नंतर ती घडवली आणि युनायटेडात १९४५ वाल्यानं येतानाच सांगितलं की टीम मी निवडणार. फर्गीपर्यंत मॅनेजर म्हणजे घरातला कर्ता, खेळाडू घ्यायचा तोच, विकायचा तोच, ओरडायचा तोच. युरोपात तसं नाही, तिथं खरेदी बघणारा डायरेक्टर वेगळा आणि मैदानावर शिकवणारा कोच वेगळा. पाचवा कागदावर मॅनेजर होता, ब्राझीलचा तो डावखुरा विंगर साडेनऊ कोटी युरोच्या घरात आणला तेव्हा त्याचा शब्द चालला, म्हणून त्याचं पाप त्याच्या पदरात, ठीक. सहावा, रुबेन अमोरिम, हा पण पोर्तुगीज, नोव्हेंबर २०२४ मधे आला तो हेड कोच म्हणून. मॅनेजर हा शब्दच काढून टाकला, आणि इकडं कोणाच्या लक्षात पण आलं नाही, आपण मॅनेजरच म्हणत राहिलो. म्हणजे खेळाडू दुसऱ्यांनी निवडायचे आणि नारळ मात्र यानं घ्यायचा. खरेदी बघायला आणलेला डायरेक्टर तर पाच महिन्यांतच गेला, त्याचे वेगळे ४१ लाख पौंड.

सहाव्याची बाजू घेतोय असं नाही. मोसमाच्या मधे आला, मागं तीन डिफेंडर ठेवायचा हट्ट सोडला नाही, २०२४-२५ ला पंधरावा नंबर आणि ४२ पॉइंट, बिल्बाओत युरोपा फायनल टॉटनहॅमकडं ०-१. पुढच्या ऑगस्टात ग्रिम्सबी नावाच्या चौथ्या डिव्हिजनच्या टीमकडं पेनल्टीवर ११-१२, त्या रात्री मी झोपलो नाही. पण काढला तेव्हा टीम सहावी होती, आणि काढायचं कारण नुसते निकाल नव्हते. ४ जानेवारी २०२६, रविवार, लीड्सशी १-१. मॅच झाल्यावर तो पत्रकारांसमोर म्हणाला की मी इथं मॅनेजर व्हायला आलोय, कोच व्हायला नाही. सोमवारी नारळ. चौदा महिने चाललेलं भांडण एका शब्दावर येऊन फुटलं, आणि आमच्या नारळ पार्टीनं पेढे वाटले की शेवटी मॅनेजर गेला. अरे बाबांनो, तो मॅनेजर नव्हता हेच तर तो सांगत होता.

मला हे का लागतं ते सांगतो. आमच्या गल्लीच्या टीमचा मी दोन वर्षं मॅनेजर होतो. आपल्याकडं मॅनेजर म्हणजे काय ते खेळलेल्यांना माहीत, एंट्री फी भरायची, पोरांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढायच्या, छोटा हत्ती ठरवायचा, लिंबू-साखर-बर्फ आणायचा, जर्सी मोजून घ्यायच्या आणि तांबडी माती गेली नाही म्हणून घरी आईच्या शिव्या खायच्या. टीम लावायचा कॅप्टन आणि गल्लीतले दोन दादा. मी एकदा म्हटलं डावीकडं तो बारका पोरगा खेळवूया, तर मला पाणी आणायला पाठवलं. दुसऱ्या वर्षी पहिल्याच राउंडला ४-० हरलो, डावीकडूनच तीन गोल खाल्ले, आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर मीटिंग, मॅनेजर बदलूया. सगळ्यांचं एकमत. कॅप्टन तोच, दादा तेच, मॅनेजर कॅप्टनचा मावसभाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगा जर्सीची पिशवी न्यायला घरी आला, चौदा होत्या, मोजून दिल्या. बर्फाचे माझ्या खिशातून गेलेले पैसे अजून यायचेत.