वाडवडिलांची मोठ्या बोरची रायफल : काडतूस ओळखणं, जुना साठा आणि पुन्हा भरणं

मराठवाड्यातल्या काही जुन्या घरांत निजामाच्या काळातली शिकारी रायफल वारसानं येते. दुनळी असेल तर .४७० किंवा .४५०/४००, बोल्टची (कडी मागेपुढे ओढून काडतूस चढवायची) असेल तर .३७५ किंवा .४०४. हे आकडे म्हणजे बोरची, नळीच्या आतल्या व्यासाची, इंचातली नावं. सोबत पेटीत दहा-वीस जुनी काडतुसंही निघतात. ती चालतील का, नवी कोणती लागतात आणि रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) पुन्हा भरता येतात का, याची माहिती आमच्या बंदुकांच्या दुकानाच्या या पत्रकात आहे.

नळीवर कोरलंय ते आधी वाचा

बोरच्या नावातला आकडा म्हणजे गोळीची जाडी, असं धरून चालू नका. .४०४ जेफरीची गोळी .४२३ इंचाची असते. .३१८ वेस्टली रिचर्ड्सची .३३० आणि .४७० नायट्रो एक्स्प्रेसची सुमारे .४७५. त्यामुळे नळीच्या तोंडाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून काडतूस ठरवणं घातक आहे. कोरीव अक्षरं झिजली असतील तर चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) साचा घ्यावा लागतो आणि नळीतून मऊ शिशाचा गोळा ढकलून आतल्या पिळदार खाचांचं माप घ्यावं लागतं. दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

आपल्याकडे इतके चमत्कारिक आकडे का, याला कारण आहे. .४५० बोरच्या सरकारी बंदुकांची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारनं १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोरच्या आयातीवर बंदी घातली. मग कारखानदारांनी तेवढ्याच ताकदीची .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं पुढे आणली.

एकाच लांबीच्या पुंगळीवरही फसगत होते. .४५० ची सव्वातीन इंची पुंगळी आधी काळ्या दारूसाठी निघाली. १८९८ मध्ये रिग्बी या इंग्रज बंदूक कारखानदारानं त्याच पुंगळीत कॉर्डाइट (जास्त ताकदीची बिनधुराची दारू) भरून नायट्रो एक्स्प्रेस काढलं. नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या रायफलीत अलगद बसतं, पण त्याचा जास्तीचा दाब ती नळी आणि तिचा सांधा पेलू शकत नाही. म्हणून नळीच्या तळाशी असलेला प्रूफचा (नळीच्या दाबचाचणीचा) शिक्का पाहावा. ‘कॉर्डाइट ७५-५००’ असं कोरलेलं असेल तर जास्तीत जास्त ७५ ग्रेन (वजनाचं इंग्रजी माप) कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी, असा त्याचा अर्थ. नायट्रो किंवा कॉर्डाइटचा उल्लेखच नसेल तर ती रायफल काळ्या दारूचीच समजा.

.३७५ मध्येही हाच घोळ आहे. १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम बुडाशी पट्टा असलेलं, बोल्टच्या रायफलीसाठी. त्याचं भावंड .३७५ फ्लँज्ड मॅग्नम कडेला कंगोरा असलेलं, दुनळीसाठी आणि कमी दाबाचं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पेटीतली जुनी काडतुसं उडवू नका

हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहानं सांगतो. कॉर्डाइटचा दाब उष्णतेनं वाढतो. म्हणून त्या काळीही उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी घालून वेगळी काडतुसं निघत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. असे साठ-सत्तर उन्हाळे काढलेल्या दारूचं काय झालं असेल, ते बाहेरून पाहून कळत नाही. मानेवर चीर, टोपीभोवती (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या पेटणीभोवती) हिरवट थर, गोळी बोटानं फिरणं या खुणा दिसल्या तर शंकाच नको. पण खुणा नसल्या म्हणजे काडतूस चांगलं, असंही नाही.

टोपी पेटायला उशीर झाला तर खटका दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो. बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान एक मिनिट थांबा, नंतरच उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार टाकला की नळी फाटते.

जुनी काडतुसं विहिरीत टाकू नका, पुरू नका, पक्कड लावून उघडू नका. परवानाधारक वारला असेल किंवा परवाना संपला असेल तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ नुसार हत्यार आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते.

सफाईत तेल आधी नको

जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बारानंतर त्याचा क्षार नळीत उरतो, मिठासारखा, हवेतला ओलावा ओढणारा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. उन्हाळ्यात तेल लावून ठेवलेली नळी चकचकीत दिसते आणि मृगाचा पाऊस पडला की आतून गंजाचे खड्डे उठतात. चेंबरकडून नरसाळ्यानं अर्धा-एक लिटर उकळतं पाणी ओता, लाकडात उतरू देऊ नका. कोरड्या चिंध्या फिरवा, मग पातळ तेल. तीन दिवसांनी पुन्हा एक चिंधी फिरवून पाहा.

पुन्हा भरणं : आधी कायदा, मग कृती

शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. बनवण्यासाठी कलम ५ चा वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा आपोआप येत नाही. त्यामुळे आम्ही घरगुती भरणीचं सामान देत नाही आणि कुणाला काडतूस भरूनही देत नाही. तरी भरलेलं काडतूस पारखता यावं म्हणून काम कसं चालतं ते जाणून घ्या.

आधी पुंगळी. किनॉक या इंग्रज काडतूस कंपनीच्या जुन्या पुंगळीला बर्डन पद्धतीची टोपी असते. तिची ऐरण (टोपी जिच्यावर दाबली जाऊन पेटते ते टोक) पुंगळीतच, आणि ठिणगीची भोकं बहुधा दोन. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच भोक असतं, म्हणून तिची टोपी साध्या सळईनं निघते. शिवाय जुन्या टोप्यांतल्या पाऱ्यानं पितळ ठिसूळ होतं, ती पुंगळी पुन्हा वापरायचीच नाही.

चांगली पुंगळी साच्यात दाबून मापावर आणतात. पट्ट्याच्या .३७५ मध्ये नेमकी इथे चूक होते. काडतूस पट्ट्यावर टेकतं, त्यामुळे खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) दर वेळी जास्त मागे दाबला तरी ते बसतं. मग प्रत्येक बाराला पितळ पट्ट्याच्या वर ताणून पातळ होतं आणि काही बारांतच बूड तुटून वेगळं होतं. टोक वाकवलेली तार आतून ओढून पाहतात. खाच लागली की पुंगळी बाद. लांबीही तपासतात. .३७५ ची कमाल लांबी ७२.४ मिलिमीटर. त्याहून वाढलेली पुंगळी चेंबरच्या तोंडाशी गोळीला आवळते आणि दाब चढतो.

दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. सोनाराच्या काट्यावर ग्रॅम दिसतात, आणि ही गल्लत जिवावर बेतते. दारूचं वजन तिच्या उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यायचं, एका दारूचा आकडा दुसरीला लावायचा नाही. सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत फार कमी घातली तर ती सौम्य होत नाही, उलट कधीकधी दाब अचानक उसळतो. शेवटी गोळीच्या खाचेत पुंगळीचं तोंड आवळतात. नाहीतर मोठ्या बोरच्या धक्क्यानं मॅगझिनमधल्या गोळ्या आत सरकतात.

दुनळीचं आणखी एक. दोन्ही नळ्या एका ठरावीक गोळीला आणि वेगाला जुळवून जोडलेल्या असतात. वेग जास्त झाला तर दोन नळ्यांचे नेम एकमेकांना छेदतात, कमी झाला तर फाकतात. अखंड तांब्याची कडक गोळी जुन्या पातळ नळीत घालू नका, आतल्या खाचांचा ठसा बाहेरून उमटू शकतो.

दुकानात येताना

मूळ परवाना आणा, रायफल रिकामी आणि बोल्ट काढून आणा. दुनळी असेल तर नळ्या दस्त्यापासून सोडवून आणा. काडतुसं त्याच पिशवीत नकोत. वारसाचा परवाना अजून नावावर झाला नसेल तर रायफल घेऊन निघू नका, आधी फोन करा. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरावरही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, आणि ती परवानगी मिळवून देणं आमच्या हातात नाही.