मोरबे भरलं तरी बादली लागतेच

गेल्या पावसाळ्यात महापे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी तीन दिवस स्वतःच्याच बोर्डापुढे डोकं धरून बसलो होतो. सोसायटीच्या टाकीचा पंप चालू-बंद करणारा साधा कंट्रोलर. एरवी शहाण्यासारखा चालायचा, पण वायफाय मॉड्यूल जागं झालं की प्रोसेसर रीसेट. मल्टिमीटरवर सप्लाय ३.३ व्होल्ट, ठणठणीत.

शेजारच्या गाळ्यातल्या काकांची हयात रिपेअरिंगमध्ये गेलेली. त्यांनी भिंगातून बोर्ड पाहिला. "एकशेचार कुठे टाकलायस?"

"आहे की काका, हा काय, कोपऱ्यात."

"तिथे काय पूजा करायचीय त्याची?"

एकशेचार म्हणजे १० वर चार शून्यं, इतके पिकोफॅरड. म्हणजेच १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, विजेचा छोटासा साठा. जवळजवळ प्रत्येक आयसीच्या, म्हणजे चिपच्या, सप्लाय पिनपाशी तो दिसतो. कशासाठी?

नवी मुंबईचं पाणी खालापूरकडच्या मोरबे धरणातून येतं. धरण, मग सोसायटीची टाकी, मग न्हाणीघरातली बादली. बोर्डावर सप्लाय म्हणजे धरण आणि चिपशेजारचा एकशेचार म्हणजे बादली. अंगाला साबण लागलेला असताना मोरबे काठोकाठ भरलंय हे कळून काय उपयोग? लांब पाइपातल्या पाण्याला एकदम धावता येत नाही. ट्रॅकमधल्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतल्या, करंटचंही तसंच. त्या आळसाला इंडक्टन्स म्हणतात. बारीक ट्रॅकमध्ये तो ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरतात.

आता चिपमधली असंख्य स्विचं एका दमात उलटली आणि एका नॅनोसेकंदात १०० मिलिअँपिअर जादा लागले, असं समजू. माझा कॅपॅसिटर प्रोसेसरपासून २० मिलिमीटर दूर होता, म्हणजे वाटेत २० नॅनोहेन्री. गणिताने २ व्होल्ट वाटेतच अडतात. ३.३ मधले २! तेवढा करंट नॅनोसेकंदभर पुरवताना खुद्द कॅपॅसिटरचं व्होल्टेज मात्र जेमतेम १ मिलिव्होल्ट उतरतं. बादली भरलेलीच होती, पण शेजारच्या विंगमध्ये. अंतर २ मिलिमीटरवर आणलं की वाटेतली घट ०.२ व्होल्ट. मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. पाहायचं तर क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर रेखाटणारा ऑसिलोस्कोपच हवा.

अंतर मोजताना परतीची वाट बहुतेक जण विसरतात. करंट पिनमध्ये शिरतो तसा ग्राउंडमधून कॅपॅसिटरकडे परततोही. तो सगळा फेरा लहान हवा. कॅपॅसिटर पिनला चिकटवला आणि त्याच्या ग्राउंडचा व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं भोक) सेंटीमीटरभर लांब नेला, तर कमावलेलं निम्मं गेलं.

वायफायची भूक वेगळी. ती बराच वेळ टिकते, तिथे १०० नॅनो म्हणजे चूळ भरण्यापुरतं पाणी. मॉड्यूलजवळ मोठी टाकी लागते. मी १० मायक्रोफॅरडचा, तांदळाच्या कणीएवढा सिरॅमिक कॅपॅसिटर लावून निश्चिंत होतो. पण ६.३ व्होल्टपर्यंत चालणाऱ्या अशा कणीवर ५ व्होल्ट पडले, तर १० मायक्रोतले निम्मेही उरत नाहीत, असं सर्रास होतं. आतल्या बेरियम टायटनेटला विद्युतक्षेत्र जखडून टाकतं. ३.३ व्होल्टलाही घट होतेच. अशा सिरॅमिकच्या एका प्रकाराचं एक्स-सेव्हन-आर हे भारदस्त नाव −५५ ते १२५ अंश तापमानात १५ टक्क्यांच्या आत राहण्याची हमी देतं, व्होल्टेजबद्दल अवाक्षर काढत नाही. मला हा शुद्ध चावटपणा वाटतो. डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला, व्होल्टेजचा आलेख बघायचा, नाहीतर मोठ्या आकाराचा, जास्त व्होल्टचा भाग घ्यायचा.

आणि हो, बोर्डाची कड आणि स्क्रूची भोकं टाळा. पॅनेलमधून, म्हणजे अनेक बोर्डांच्या एकत्र पत्र्यातून, बोर्ड तोडताना तो वाकतो, सिरॅमिकला तडा जातो आणि कधीकधी तोच शॉर्ट होतो. कड टळतच नसेल, तर कॅपॅसिटर निदान तुटणाऱ्या रेषेला समांतर ठेवा.

काकांनी बोलणं आवरून सोल्डरिंग गन उचलली. जुना एकशेचार थेट प्रोसेसरच्या दोन पायांवर आडवा टाकला, मॉड्यूलवर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. वायफाय लागलं, प्रोसेसर हलला नाही. तो बोर्ड अजून सोसायटीच्या गच्चीवर आहे, पाठीवर आडवा कॅपॅसिटर घेऊन.